मेलांथाला बाकावर बसवताना

मामेभावाने माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि तो हसलाच.

"ताई, तीन महिने खेळतेयस ना? मग ही मेलांथा अजून इथे काय करतेय?"

"लढतेय," मी म्हटलं.

"अगं, पण तीनच तारे आहेत तिला! तुझ्याकडे इफ्रित आहे ना? सहावाली? ती कुठाय?"

इफ्रित बाकावर होती. गेले अडीच महिने होती. तिला तिथे का बसवलं हे मला त्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून तो "तुला खेळता येत नाही" असं म्हणून निघून गेला. खरं सांगायचं तर त्याआधीच्या काही आठवड्यांपुरतं त्याचं म्हणणं बरोबर होतं.

खेळ आहे आर्कनाइट्स. हायपरग्रिफ या चिनी स्टुडिओने तयार केलेला, आणि जगभरासाठीची इंग्रजी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली. मी सुरू केलं तेव्हा २०२१ संपत आलं होतं. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चौकटींचा पट असतो, शत्रू ठरलेल्या वाटांनी चालत येतात आणि आपल्या निळ्या दारापर्यंत पोचायला बघतात. आपण त्या वाटेवर आणि बाजूच्या उंच चौकटींवर आपले 'ऑपरेटर' उभे करायचे. ऑपरेटर म्हणजे ॲनिमे धाटणीची पात्रं: कान, शेपट्या, शिंगं, लांब कोट, सगळं काही. स्क्वाडमध्ये बारा जण नेता येतात, पण पटावर एका वेळी साधारण आठच उभे राहतात. आणि प्रत्येकाला उभं करायला डीपी लागतात. डीपी म्हणजे सेकंदाला एक या गतीने साठणारे पॉइंट. मला सगळ्यात जास्त नडला तो हा शेवटचा नियम.

ऑपरेटरना एक ते सहा तारे; जितके जास्त, तितका तो दुर्मिळ. सुरुवातीला जी मंडळी हाती येतात त्यांतली बहुतेक दोन-तीन ताऱ्यांची. फँग, क्रूस, बीगल, हायबिस्कस, लाव्हा ही राखीव तुकडी ए-१. मेलांथा, कार्डिगन, ॲन्सेल, ॲड्नाकिएल, स्टुअर्ड ही ए-४. तिची कप्तान मेलांथाच. कथेतसुद्धा हे शिकाऊ लोक आहेत, मोठ्या मोहिमांवर न जाणारे. हायबिस्कस आणि लाव्हा तर जुळ्या बहिणी. एक औषधपाणी करते, दुसरी आग फेकते. यांच्या सोबत अमिया मिळते, पाच ताऱ्यांची, पण ती कथेची नायिका असल्यामुळे सगळ्यांकडेच असते, म्हणून तिचंही फारसं कौतुक कुणाला नसतं.

मला मात्र पहिल्या दहा-बारा दिवसांत ही सगळी फार आवडली. फँग पुढे उभी राहून डीपी आणायची, बीगल ढाल धरायची, क्रूस मागून बाण मारायची, आणि मेलांथा एका चौकटीवर उभी राहून समोर येईल त्याला कापून काढायची. ती एका वेळी एकालाच अडवते. बचाव यथातथाच. पण जीव भरपूर आणि घाव जबर. त्या वेळी मला हे आकडे माहीत नव्हते. एवढंच दिसत होतं की तिच्या वाटेने आलेला परत जात नाही.

मग नवशिक्यांसाठीचं गाचा बॅनर, म्हणजे नशिबावर पात्रं काढायची सोडत, उघडलं. तिथे पहिल्या दहा पुलमध्ये (एक पुल म्हणजे एक सोडत) सहा ताऱ्यांचं एक पात्र हमखास मिळतं. एरवी तो योग शंभरात दोन असतो, आणि पन्नास पुल रिकामे गेल्यावर प्रत्येक पुलला दोन-दोन टक्क्यांनी वाढत जातो. बॅगेची चेन उघडली, आत सोनेरी झोत दिसला आणि इफ्रित आली. ज्वाळा, शिंगं, चेहऱ्यावर माज. मी त्याच रात्री ए-१ तुकडीतल्या निम्म्यांना स्क्वाडमधून काढलं. जेवढी अनुभवकार्डं होती तेवढी सगळी इफ्रितच्या अंगावर ओतली. लाव्हाला तर मी निरोपही दिला नाही. आग फेकणारी मोठी आली म्हटल्यावर धाकटीचं काय काम?

दुसऱ्या दिवशी जो टप्पा आधी सहज झाला असता त्यात मी सलग चार वेळा हरले.

कारण साधं होतं, पण मला ते दिसायला वेळ लागला. इफ्रितला उभं करायला तिसाहून जास्त डीपी लागतात. टप्पा सुरू होताना हातात असतात दहाच्या आसपास. म्हणजे वीस-पंचवीस सेकंद नुसती वाट पाहायची. फँगला मी काढून टाकलं होतं, त्यामुळे वाढीव डीपी आणणारं कुणी नाही. तोवर शत्रू निम्मी वाट चालून आलेले. दारातून तिघं आत गेले की डाव संपला. आणि ती उभी राहिली तरी तिचा मारा समोर सरळ रेषेत, सहा चौकटी लांब, साधारण तीन सेकंदांनी एक फटका. वाट वळणाची असेल तर ती अर्धा वेळ मोकळ्या जमिनीवरच आग ओकते. नकाशा बघून, रेषा धरून उभी केली तर तिच्यासारखी तीच. पण हे मला कुठून कळणार? मी तिला जिथे उंच चौकट रिकामी दिसेल तिथे ठेवत होते. नाकापेक्षा मोती जड.

तिची लेव्हल हा दुसरा घोळ. सहा ताऱ्यांच्या पात्राला पहिली बढती, म्हणजे ई१, द्यायची तर आधी लेव्हल ५० पर्यंत न्यायचं, मग ३०,००० एलएमडी (खेळातलं चलन) आणि वर त्या वर्गाच्या चिप्स, इतर सामान. माझी इफ्रित बाविसाव्या लेव्हलला अडकली होती. बाकी सगळे तर दहाच्या खाली, कारण कार्डं सगळी तिलाच. म्हणजे स्क्वाडमध्ये एक अर्धवट मोठी आणि अकरा उपाशी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तेव्हा मी पहिल्यांदा बसून हिशेब मांडला. हा हिशेब कुणीही सुरुवात करतानाच मांडावा असा आहे.

तीन ताऱ्यांच्या पात्राला ई१ ला न्यायचं तर लेव्हल ४० पुरते, आणि बढतीचा खर्च १०,००० एलएमडी. बस. चिप नाही, सामान नाही, काही नाही. त्यानंतर पंचावन्नाव्या लेव्हलला त्यांची मजल संपते. उलट सहा ताऱ्यांच्या पात्राच्या दुसऱ्या बढतीची, ई२ ची, नुसती फी १,८०,००० एलएमडी. एलएमडी मिळवायला सीई-५ नावाचा टप्पा आहे (आता त्याच्या पुढचाही आहे), एका फेरीला ३० सॅनिटी (टप्पे खेळायला लागणारी ऊर्जा) घेतो आणि ७,५०० देतो. म्हणजे चोवीस फेऱ्या, ७२० सॅनिटी. सॅनिटी सहा मिनिटांना एक भरते, दिवसाला २४०. म्हणजे पूर्ण तीन दिवस दुसरं काहीही न करता फक्त फी गोळा करायची. आणि तो टप्पा रोज उघडाही नसतो. लेव्हल वाढवण्याचा खर्च, चिप्स, सामान हे सगळं वेगळं. तेवढ्यात तीन ताऱ्यांच्या अठरा जणांची बढती उरकते.

मी अठरा केले नाहीत. सहा केले. मेलांथा, क्रूस, स्टुअर्ड, लाव्हा, ॲन्सेल, बीगल. लाव्हाला परत बोलावताना थोडं ओशाळल्यासारखं झालं.

आता या सहांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण 'कमकुवत' हा शब्द या खेळात फार ढिला वापरला जातो. शारीरिक माऱ्याचा नियम वजाबाकीचा आहे: आपला हल्ला वजा समोरच्याचा बचाव. कितीही कमी उरलं तरी हल्ल्याच्या पाच टक्के तरी लागतातच. समजा तुमचा हल्ला ४०० आणि समोर ३५० बचावाचं चिलखत. प्रत्येक बाणाला उरतात ५०. हल्ला ४५० झाला की उरतात १००. हल्ला जेमतेम आठवा हिस्सा वाढला, परिणाम दुप्पट. म्हणून अर्धवट वाढवलेला नेमबाज, मग तो कितीही ताऱ्यांचा असो, जाड चिलखतापुढे टाचणी टोचत बसतो. भराभर बाण मारणाऱ्यांचं तर आणखी वाईट, कारण प्रत्येक बाणातून बचाव वेगळा वजा होतो. जादूच्या माऱ्याचा, म्हणजे आर्ट्सचा, हिशेब टक्क्यांचा. समोरच्याचा प्रतिकार २० असेल तर वीस टक्के कापले जातात, उरलेले लागतात. चिलखताचा तिथे संबंध नाही. स्टुअर्ड हा तीन ताऱ्यांचा मुलगा, आर्ट्स मारतो आणि त्याच्या माऱ्याच्या कक्षेत असलेल्यांपैकी सगळ्यात जाड चिलखतवाल्याला आधी गाठतो. ज्यांना क्रूसचे बाण खाजवल्यासारखे वाटायचे ते स्टुअर्डपुढे वितळायचे. माझ्या दृष्टीने सुरुवातीच्या मंडळींत सगळ्यात दुर्लक्षित जर कुणी असेल तर तो हा.

आणि मेलांथा. ई१, लेव्हल ५५ ला तिचा हल्ला सातशेच्या पुढे जातो. एक्सुसियाई ही सहा ताऱ्यांची नावाजलेली नेमबाज; तिच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला, ई२ नव्वदला, तिचा हल्ला ५४० च्या आसपास. एक्सुसियाई लांबून मारते, खूप भरभर मारते, कौशल्य चालू झालं की गोळ्यांचा पाऊस पाडते, तेव्हा ही तुलना बरोबरीची नाहीच. पण एका फटक्यात चिलखत फोडायचं असेल तर वजाबाकीच्या नियमात मोठा आकडा लागतो, आणि तो आकडा माझ्याकडे १०,००० एलएमडीत आला होता. शिवाय तिला उभं करायचा खर्च तिच्याच वर्गातल्या मोठ्या ताऱ्यांपेक्षा कमी. गाचात तीन ताऱ्यांची पात्रं शंभरात चाळीस वेळा येतात, त्यामुळे तीच तीच परत मिळत राहतात, त्यांचं पोटेन्शियल भरतं आणि खर्च आणखी उतरतो. सहा ताऱ्यांचं पोटेन्शियल भरायचं म्हणजे त्याच पात्रासाठी पुन्हा पुन्हा नशीब फळफळावं लागतं.

सहा जण तयार झाल्यावर अडलेला टप्पा पहिल्याच फेरीत सुटला. पुढचा अख्खा अध्याय आठवडाभरात झाला. चेर्नोबोगची ॲनिहिलेशन फेरी, ज्यात एकामागून एक ४०० शत्रू येतात, ती मी या शिकाऊ तुकडीवर पहिल्या वेळी तीनशेच्या थोडं पुढेपर्यंत नेली. जिथवर पोचाल तिथवरचं बक्षीस मिळतं, त्यामुळे तक्रार नव्हती. मोबाइल तापला होता आणि मी मिनिटामागून मिनिट बीगलच्या जिवाची पट्टी बघत बसले होते, एवढंच आठवतं.

इथे एक उपप्रसंग सांगते, कारण तीही माझीच चूक आहे. प्रत्येक टप्प्यात दुसऱ्या खेळाडूचा एक ऑपरेटर उसना घेता येतो. अध्याय पुढे सरकले तसे मी रोज कुणाचा ना कुणाचा पूर्ण वाढवलेला सहा ताऱ्यांचा योद्धा उसना घेऊ लागले. त्याला मध्यभागी उभं करायचं, कौशल्य दाबायचं, की सगळं साफ. टप्पे झाले, पण माझं स्क्वाड कुठे फाटकं आहे ते मला महिनाभर कळलंच नाही. मग पाचवा अध्याय आला. तिथे वाटा दोन-तीन, शत्रू सगळीकडून, आणि उसना माणूस एकच. तो एका वाटेवर सिंहासारखा उभा, आणि दुसऱ्या वाटेने लोक आरामात दारात. त्या दिवशी मी उसनवारी बंद केली आणि खरी बदली सुरू केली.

बदली करताना मी एक नियम केला: एका वेळी एकच जागा. आणि नवा माणूस आधी सरावाच्या फेरीत जुन्याच्या जागी उभा करून बघायचा, तिथे सॅनिटी जात नाही. जुना जे काम करत होता ते काम नवा करतोय का, एवढंच बघायचं. किती तारे, किती चकाकी, हे नंतर.

पहिली बदलली फँग. तिच्या जागी मर्टल आली, चार ताऱ्यांची छोटीशी झेंडेवाली. हिला मी गाचातून नाही, भरतीतून मिळवली. भरतीत पाच टॅग, म्हणजे कसा ऑपरेटर हवा ते सांगणारे गुण, दाखवतात, त्यांतले तीनपर्यंत निवडता येतात, आणि शोधाला नऊ तासांची वेळ लावली की तीन ताऱ्यांच्या खालचं कुणी येत नाही. 'डीपी-रिकव्हरी' आणि 'हीलिंग' हे दोन टॅग एकत्र दिसले की मर्टल पक्की, फक्त आयत्या वेळी त्यातला एक टॅग गळता कामा नये. माझा पहिल्यांदा गळला. दुसऱ्यांदा ती आली. कौशल्य चालू झालं की मर्टल लढायचं थांबवते, कुणाला अडवतही नाही, नुसता झेंडा हलवते आणि डीपी भराभर चढतात. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, ही काय कामाची? दुसऱ्या फेरीला कळलं की बाकी सगळे दहा-दहा सेकंद आधी उभे राहतायत. फँग शत्रूला थोपवायची, हे काम मात्र मर्टल करत नाही. म्हणून तिच्या शेजारी कुणीतरी थोपवणारं लागतंच. बदली म्हणजे एकाचं काम कधी कधी दोघांत वाटणं, हे मला तेव्हा उमगलं.

मग बीगलच्या जागी क्युओरा, चार तारे, भरतीतूनच. इथे सांगण्यासारखं काही नाही. ढाल गेली, जास्त जाड ढाल आली.

औषधाच्या जागेवर मी अडखळले. ॲन्सेल एकाला बरं करतो, कधी नशिबाने दोघांना. परफ्युमर ही चार ताऱ्यांची, एकाच वेळी तिघांना बरं करते. तिला आणलं आणि ॲन्सेलला काढलं, तर पुढची क्युओरा पडायला लागली. परफ्युमरचा हात तिघांवर फिरतो खरा, पण एकेकाला थोडं थोडंच मिळतं. एकाच ढालीवर सगळा मारा येत असेल तर तिथे भरघोस ओतणारा माणूस लागतो. शेवटी दोघांना ठेवलं आणि लाव्हाची जागा काढली. लाव्हा दुसऱ्यांदा बाकावर. या वेळी मात्र कारण होतं: तिचं गर्दीवर आग टाकण्याचं काम आता इफ्रित करू शकत होती.

हो, इफ्रित. मर्टलमुळे तीस डीपी पूर्वीसारखे डोंगराएवढे राहिले नव्हते. मी नकाशा उघडून आधी वाट बघायला शिकले होते: सरळ लांब पट्टा कुठे आहे, त्याच्या टोकाशी उंच चौकट आहे का. असेल तरच ती स्क्वाडमध्ये. नसेल तर घरी. मध्यंतरी ती ई१ झाली होती, हळूहळू, इतरांच्या पानातलं न काढता. ज्या दिवशी तिने एका रांगेत अडकलेले सहा-सात जण दोन फटक्यांत जाळले त्या दिवशी मी मामेभावाला मुद्दाम व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मग मी काय सांगत होतो?" काय बोलणार.

क्रूसची गोष्ट सगळ्यात गमतीची. तिला मी फार दिवस बदललं नाही, कारण ती स्वस्त होती, उडत्या ड्रोनना छान टिपायची, आणि झोपाळू चेहऱ्याने हसायची. मग एका बॅनरवर पाच ताऱ्यांची नेमबाज आली. नाव वाचलं तर क्रूस! या खेळात काही जुन्या पात्रांची नंतरच्या काळातली, मुरलेली रूपं वेगळे ऑपरेटर म्हणून येतात. ही 'क्रूस द कीन ग्लिंट'. तेच कान, तेच मिटलेले डोळे, पण हातात भारी शस्त्र आणि चालण्यात ठसका. जुळ्या बहिणींचीही अशी पाच ताऱ्यांची रूपं आहेत. म्हणजे बनवणाऱ्यांनी या शिकाऊ पोरांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. त्यांना मोठं होऊ दिलं, फक्त ते मोठं होणं आपल्याला गाचातून गाठावं लागतं. दोन्ही क्रूस एकाच पटावर उभ्या करता येतात. मी पहिले काही दिवस तसंच केलं. नवीचा मारा जुनीच्या कितीतरी पुढे होता, जुनीची गरज उरली नव्हती, पण तिला तिच्याच हाताने काढल्यासारखं वाटू नये म्हणून. हे शहाणपणाचं नव्हतं, हे मला मान्य आहे.

स्टुअर्डच्या जागी अमिया गेली. ती सुरुवातीपासून होती, मीच तिला वाढवलं नव्हतं. घरची कोंबडी डाळीबरोबर, तसं.

उरली मेलांथा. माझ्याकडे तोवर योद्धे तीन-चार जमले होते, चार-पाच ताऱ्यांचे. एस्टेल जितक्यांना अडवते तितक्यांवर एकदम वार करते, म्हणून गर्दीच्या वाटेवर ती आली. पण एकाच दांडग्याला थोपवून सोलायचं असेल तर मेलांथाच्या जागी उभं राहून तिचंच काम तिच्याइतक्या स्वस्तात करणारं कुणी सापडेना. सरावात मी तीन वेळा बदलून पाहिलं. तिन्ही वेळा नवा माणूस उशिरा उभा राहिला किंवा लेव्हलमध्ये कमी पडला. मामेभावाने खांद्यावरून डोकावलं तेव्हा तिथे तीच लढत होती, ती यामुळेच.

ती शेवटी गेली ते सातव्या अध्यायाच्या आसपास. तिथे शत्रूचे घाव असे बसायला लागले की तिचा बचाव कागदासारखा फाटायचा. ॲन्सेलने ओतलेलं पुरायचं नाही. पंचावन्नाच्या पुढे लेव्हल नाही, दुसरी बढती नाही, वाढायला जागाच नाही. कुणाला तरी ई२ ला नेणं भाग होतं, आणि तीन दिवसांची फी मी त्या वेळी न कुरकुरता भरली, कारण या खेपेला मला माहीत होतं की ती कोणत्या चौकटीसाठी भरतेय. नवा माणूस मेलांथाच्या जागी उभा राहिला आणि टिकला. मी तिला बाराव्या जागेवरून काढलं. तिचा विश्वासाचा आकडा तोवर २०० टक्क्यांवर पोचला होता. खरं तर शंभरनंतर त्याने ताकदीत काही फरक पडत नाही, नुसता आकडा चढतो.

मला वाटलं, इथे तिचा विषय संपला. मग मी 'फँटम अँड क्रिमझन सॉलिटेअर' उघडलं. हा याच खेळातला वेगळा प्रकार: दर डाव शून्यापासून, एकेक मजला चढत जायचं, आणि स्क्वाड वाटेत भरती करत न्यायचं. भरतीला 'होप' लागतं, आणि ते कायम अपुरं. सहा ताऱ्यांच्या माणसाला सहा होप, पाचला तीन, चारला दोन. तीन ताऱ्यांना शून्य. वर आणखी एक मेख: मोठी मंडळी आधी पहिल्या बढतीपर्यंतच येतात, त्यांची दुसरी बढती उघडायला पुन्हा होप मोजावं लागतं. तीन ताऱ्यांना दुसरी बढतीच नाही, म्हणून ते आले तेच पूर्ण तयारीचे.

त्या डावात मी सुरुवातीलाच सगळं होप एका सहा ताऱ्यांच्या आर्ट्सवाल्यावर उडवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर योद्ध्यांचं भरतीपत्र मिळालं, हातात होप एक. यादी उघडली. सगळी नावं करडी, दाबता न येणारी. खाली स्क्रोल केलं तर मेलांथा, ई१, लेव्हल ५५, शून्य.

मामेभाऊ त्या दिवशी शेजारीच बसला होता. त्याच्या मोबाइलवर त्याचाही डाव चालू होता, आणि त्याचं योद्ध्यांचं भरतीपत्र नुकतंच वाया गेलं होतं. त्याच्याकडे तीन ताऱ्यांचं वाढवलेलं कुणी नव्हतंच. माझी मेलांथा दोन मजले पुरली. तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या लढाईत ती आणि एक डॉक्टर एवढेच उभे होते, सहा ताऱ्यांवाला कधीच आडवा झाला होता. शेवटचा शत्रू तिच्यासमोर अडकला, तिच्या जिवाची पट्टी लाल झाली, आणि तिने त्याला पाडलं. चौथ्या मजल्यावर आम्ही हरलोच, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

तो काही वेळ गप्प होता. मग स्वतःच्या स्क्रीनवर काहीतरी शोधत म्हणाला, "ताई, हिला ई१ करायला चिप लागतात का गं?"

"नाही," मी म्हटलं. "नुसते दहा हजार."